वाळलेल्या पानांचा पंचनामा

ऑर्कनी आणि शेटलंड ही स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं. तिथल्या पुळणी आपल्या आंजर्ल्या-गुहागरसारख्या मऊ वाळूच्या असतीलच असं नाही. अनेक ठिकाणी किनारा म्हणजे मुठीएवढ्या गोल गोट्यांचा उतार, मध्ये मध्ये थोडी वाळू आणि भरतीने आणून टाकलेल्या समुद्रशेवाळाचा कुजका पट्टा. त्या पट्ट्याच्या जरा वर एक निळसर-राखाडी रोप जमिनीला अंग टेकून पसरलेलं असतं. पानं जाड, रसरशीत, वर मेणाचा थर चढल्यासारखी. कळ्या गुलाबी, फुलल्या की निळ्या. पान तोडून चावलं तर तोंडात कालवांची चव येते. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खडकावरची कालवं फोडून खाल्लेला माणूस डोळे मिटून हे पान चघळेल, तर शिंपला कुठे गेला म्हणून शोधेल.

इंग्रजीत याला ऑयस्टर प्लांट म्हणतात. नॉर्वेत ‘ओस्टर्सउर्ट’, अर्थ तोच. आइसलँडच्या लोकांनी मात्र चवीपेक्षा रंगाला मान दिला आणि नाव ठेवलं ‘ब्लाउलिल्या’, म्हणजे निळी कमळण म्हणा किंवा निळी लिली. शास्त्रीय नाव मर्टेन्शिया मॅरिटिमा. ब्रेमेनचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ कार्ल मर्टेन्स यांच्या नावावरून मर्टेन्शिया, आणि समुद्राचं म्हणून मॅरिटिमा. नॉर्वे, आइसलँड, फॅरो बेटं, स्वालबार्ड, ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का अशा थंड किनाऱ्यांवर ते सापडतं. उत्तर ध्रुवाभोवती हिरव्या-निळ्या मण्यांची तुटक माळ घातल्यासारखा त्याचा पसारा आहे.

या माळेचं दक्षिणेकडचं टोक मात्र गळत चाललंय. ब्रिटनमध्ये एके काळी हे रोप पूर्व किनाऱ्यावर नॉरफोकपर्यंत खाली सापडत असे. आज त्याची बहुतेक ठिकाणं स्कॉटलंडमध्ये आहेत. यातलं ‘आज’ समजायला सोपं आहे, किनाऱ्यावर जायचं आणि बघायचं. अवघड आहे ते ‘एके काळी’. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोणत्या पुळणीवर कोणतं रोप होतं, हे आज ठामपणे कसं सांगायचं? त्याचं उत्तर कपाटात ठेवलेलं असतं. ते वाचायचं कसं आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हा या लेखाचा विषय.

कागद, नमुना आणि चिठ्ठी

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कुणालाही हर्बेरियम शीट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सहलीत तोडलेलं रोप वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, वर जाडजूड पुस्तकं किंवा सरळ गादी, रोज कागद बदलायचा, आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी घाईघाईने जाड कागदावर चिकटवून सरांपुढे ठेवायचं. (आणि आदल्या वर्षीच्या मुलांकडून तयार शीट मागून आणायचे, हेही.)

हीच पद्धत सोळाव्या शतकात इटलीत सुरू झाली. तिचं श्रेय साधारणपणे लुका गिनी या प्राध्यापकाला देतात. रोप दाबून, वाळवून कागदावर लावलं की हिवाळ्यातही विद्यार्थ्यांना दाखवता येतं, एवढी साधी सोय. पुढे या सोयीचं जगभराचं दफ्तर झालं. आज जगात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम, म्हणजे अशा वाळवलेल्या रोपांचे संग्रह, आहेत आणि त्यांत मिळून सुमारे 40 कोटी नमुने आहेत. लंडनमधल्या क्यू बागेत अंदाजे 70 लाख, एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात 30 लाख. आपल्याकडे मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचं आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. कोकणातली मर्यादवेल असो की ऑर्कनीची मर्टेन्शिया, कपाटातला कारभार सारखाच.

एका शीटवर तीन गोष्टी असतात. जाड कागद, त्यावर पट्ट्यांनी किंवा टाक्यांनी धरून ठेवलेलं रोप, आणि कोपऱ्यात चिठ्ठी. नवख्या माणसाचं लक्ष रोपाकडे जातं, जुनाजाणता आधी चिठ्ठी वाचतो. कोणी गोळा केलं, कधी, कुठे आणि कशा जागी, हे त्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी हरवली की उरतो तो पालापाचोळा, फक्त नीट चिकटवलेला.

मला हर्बेरियम शीट पंचनाम्यासारखं वाटतं. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसासमक्ष ही वस्तू मिळाली, आणि वस्तू सोबत जोडली आहे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. एखाद्याने 1850 साली डायरीत लिहिलं, ‘आज किनाऱ्यावर मर्टेन्शिया पाहिली,’ तर ती साक्ष झाली. साक्षीदार चुकू शकतो आणि त्याची उलटतपासणी घ्यायला आता तो हयात नाही. शीटचं तसं नाही. नाव चुकीचं लिहिलं असलं तरी मुद्देमाल समोर आहे. भिंगाखाली घालून पुन्हा ओळखता येतो.

नावं तर बदलतातच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये या रोपाला पल्मोनारिया मॅरिटिमा म्हटलं. सॅम्युएल फ्रेडरिक ग्रे याने 1821 मध्ये ते मर्टेन्शिया वंशात नेलं. मध्ये कुणी त्याला स्टीनहॅमेरा म्हणूनही नोंदवलं. त्यामुळे जुन्या संग्रहात एकच रोप तीन वेगवेगळ्या नावांच्या फोल्डरमध्ये बसलेलं असू शकतं. चांगल्या संग्रहात जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत. नंतरचा तज्ज्ञ शेजारी स्वतःची छोटी चिठ्ठी लावतो, नाव, सही, साल घालून. काही शीटवर अशा चिठ्ठ्यांची एकाखाली एक रांग लागलेली असते. शास्त्रज्ञांची भांडणं एवढ्या सभ्यपणे दुसरीकडे कुठे चालत असतील असं वाटत नाही.

मर्टेन्शियासारखं रोप वाळवणं हा मात्र वैताग आहे. पान रसरशीत असल्यामुळे लवकर सुकत नाही. कागद वेळेवर बदलला नाही तर बुरशी धरते. सुकलं तरी काळपट पडतं. ज्या निळसर झाकेवरून आपण ते किनाऱ्यावर लांबून ओळखलं, ती जाते. फुलांचा निळा रंगही उडतो. म्हणून शहाणा संग्राहक ‘पाने निळसर-राखाडी, कळ्या गुलाबी, फुले निळी’ असं चिठ्ठीवर तिथल्या तिथे लिहून ठेवतो. शिवाय पसारा मोठा असला की अख्खं रोप कागदावर मावत नाही, मुळं गोट्यांत खोलवर गेलेली असतात. कागदावर येते ती एखादी फांदी. म्हणजे ‘इथे ते होतं’ हे शीट सांगतं, ‘किती होतं’ हे बहुतेक वेळा सांगत नाही.

आणि एक सूचना. जुन्या शीटना उघड्या हाताने लाडाने कुरवाळू नये. किडीपासून वाचवण्यासाठी त्यांना पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडचं, म्हणजे पाऱ्याच्या विषारी क्षाराचं द्रावण लावत. आता नवे नमुने काही दिवस खोल गोठवणीत ठेवून कीड मारतात.

चिठ्ठीवरून नकाशावर

समजा मर्टेन्शियाच्या सगळ्या शीट आपण एकत्र केल्या. एडिंबरा, क्यू, ऑस्लो, ट्रॉम्सो, कोपनहेगन, रेक्याविक. पूर्वी याला कुणाची तरी अर्धी हयात गेली असती. आता अनेक संग्रहांनी शीटचे फोटो काढून चिठ्ठ्या संगणकात उतरवल्या आहेत आणि कोपनहेगनमध्ये मुख्यालय असलेल्या ‘जीबीआयएफ’ या जागतिक साठ्यात त्या नोंदी कुणालाही मोफत मिळतात. एक क्लिक, हजारो नोंदी, नकाशावर ठिपकेच ठिपके. खरं काम इथून सुरू होतं, कारण त्या ठिपक्यांवर जसाच्या तसा विश्वास ठेवला तर फसगत ठरलेली.

पहिली अडचण ‘कुठे’ या शब्दाची. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाने लिहिलेलं असतं, ‘अ‍ॅबर्डीनजवळचा समुद्रकिनारा’. जवळ म्हणजे किती? पायी जाणाऱ्याचं जवळ वेगळं आणि घोड्यावरून जाणाऱ्याचं वेगळं. आज अक्षांश-रेखांश देताना काळजी घेणारा माणूस सोबत लिहितो, ‘या बिंदूपासून इतक्या किलोमीटरच्या आत’. ते ‘इतके किलोमीटर’ न लिहिता नुसता बिंदू टाकला की अंदाज हा पुरावा म्हणून मिरवायला लागतो.

काही नोंदींत गावाचं नाव नसतं, फक्त परगणा किंवा देश असतो. अशा वेळी संगणक कधी कधी त्या प्रदेशाचा मध्यबिंदू घेऊन मोकळा होतो. मग समुद्राचं रोप डोंगरात उगवलेलं दिसतं. कधी नमुन्याचा पत्ता म्हणून हर्बेरियमचाच पत्ता पडतो, आणि ऑर्कनीची मर्टेन्शिया थेट संग्रहालयाच्या दारात वाढते.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. अशा चुका गाळण्यासाठी तयार प्रोग्रॅम आहेत. त्यांतली एक चाळणी म्हणजे जमिनीवरच्या वनस्पतीचा बिंदू समुद्रात पडला तर तो चुकीचा समजून काढून टाकायचा. सागवानासाठी हे ठीक आहे. भरतीच्या रेषेवर जगणाऱ्या रोपासाठी नाही. संगणकातली किनाऱ्याची रेषा ढोबळ असते, जुना बिंदू शे-दोनशे मीटर इकडे-तिकडे झालेला असतो, आणि गोट्यांची पुळण स्वतःही जागा बदलते. 1880 मध्ये जिथे रोप उपटलं तिथे आज खरोखर पाणी असू शकतं. म्हणजे अगदी खरी नोंद खोटी ठरून कचऱ्यात जाते. किनाऱ्याच्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला चाळणीत राहिलेलं आणि चाळणीखाली पडलेलं, दोन्ही हाताने निवडावं लागतं. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त इथे खडे आणि तांदूळ एकाच रंगाचे.

मग ‘किनाऱ्याचं रोप आतल्या भागात दिसलं की चूक’ असा तरी सरळ नियम करावा का? तोही करता येत नाही. कॉक्लिअरिया डॅनिका हे युरोपच्या किनाऱ्यावरचं छोटं पांढऱ्या फुलांचं रोप. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत ते मोटारमार्गांच्या कडेने देशाच्या पार पोटात शिरलं. बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे रस्त्याची कड त्याला समुद्राची कड वाटली. त्याचे आतले ठिपके चूक म्हणून खोडले असते तर ही सगळी गोष्टच पुसली गेली असती.

दुसरी अडचण मोजणीची. एका दिवशी एका पुळणीवरून एका माणसाने दहा फांद्या घेतल्या आणि दहा संग्रहांना पाठवल्या, तर साठ्यात दहा नोंदी दिसतात. घटना एकच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नमुन्यांची अदलाबदल करणारी मंडळं होती, तिकिटं जमवणाऱ्यांची असतात तशी. तुमच्याकडचं दुर्मीळ रोप द्या, आमच्याकडचं घ्या. त्यामुळे दुर्मीळ वनस्पतींच्या शीट भरपूर आणि बांधावरच्या सामान्य गवताच्या कमी, असा उफराटा प्रकार जुन्या कपाटांत दिसतो. नुसत्या शीट मोजून ‘पूर्वी हे रोप मुबलक होतं’ म्हणणं म्हणजे लग्नाचे फोटो मोजून माणूस रोज शेरवानी घालत होता म्हणण्यासारखं आहे.

ब्रिटिशांनी या गोंधळातून काढलेला मार्ग मला पसंत आहे. बिंदूच्या अचूकपणाचा आग्रह सोडा, चौकोन घ्या. 1962 मध्ये ब्रिटिश बेटांच्या वनस्पतींचा जो नकाशासंग्रह निघाला, त्यात देशाचे 10 किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले होते. माहिती छिद्रं पाडलेल्या कार्डांवर भरून यंत्राने नकाशे काढले, संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी. चौकोनात रोपाची अलीकडची नोंद असेल तर भरीव ठिपका, फक्त जुनी असेल तर पोकळ. नंतर 2002 मध्ये आणि पुन्हा 2020 सालापर्यंतची माहिती घेऊन तेच काम नव्याने झालं. हर्बेरियमच्या शीट, जुनी पुस्तकं आणि हजारो हौशी माणसांनी पायी फिरून केलेल्या नोंदी यांतून हे ठिपके जमले. मर्टेन्शियाचा नकाशा समोर धरला की पोकळ ठिपके दक्षिणेकडे दाटलेले दिसतात.

पोकळ ठिपक्याचा अर्थ काय?

इथे थांबायला हवं, कारण सगळा तिढा इथे आहे.

पंचनामा सांगतो की वस्तू मिळाली. ‘वस्तू नव्हती’ असा पंचनामा कपाटात नसतो. रोप न सापडलेल्या दिवशी कुणी कोरा कागद चिकटवून, खाली तारीख घालून ठेवत नाही. त्यामुळे 1890 नंतर एखाद्या पुळणीवरून शीट आली नाही, तर दोन शक्यता उरतात. रोप गेलं, किंवा रोप शोधणारा गेला.

यावर थोडं गणित करता येतं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू सोलो यांनी 1993 मध्ये मांडलेली रीत अगदी सुटसुटीत आहे. कल्पनेतलं उदाहरण घेऊ. एका पुळणीवर 1850 पासून 2020 पर्यंत, म्हणजे 170 वर्षं, लोक येत-जात राहिले. या काळात रोपाच्या 10 नोंदी झाल्या आणि शेवटची 1970 ची. रोप अजून तिथेच असेल आणि सापडण्याची शक्यता सगळ्या वर्षांत सारखीच असेल, तर एक नोंद पहिल्या 120 वर्षांत पडण्याची शक्यता 170 पैकी 120. दहाच्या दहा नोंदी तशा पडण्याची शक्यता काढायला हा अपूर्णांक स्वतःशी दहा वेळा गुणायचा. उत्तर येतं 0.03, म्हणजे शंभरात तीन. रोप असूनही गेली 50 वर्षं सापडू नये, हा योगायोग जरा जास्तच झाला. म्हणून ते बहुधा गेलं.

गणित बरोबर आहे. पण ‘सापडण्याची शक्यता सगळ्या वर्षांत सारखी’ या पाच-सहा शब्दांत ते अडकतं. ती सारखी नव्हती. एकोणिसाव्या शतकात वनस्पती गोळा करणं ही सुशिक्षित घरांतली फॅशन होती. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर सगळे पत्र्याचा डबा खांद्याला अडकवून निघत. विसाव्या शतकात ती लाट ओसरली. पुढे रोप उपटणं अनेकांना चुकीचं वाटू लागलं, आणि ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी रोप मुळासकट उपटणं गुन्हा ठरलं. माणसं किनाऱ्यावर जातच राहिली, पण हातात कॅमेरा आला, नंतर फोन. म्हणजे शेवटच्या 50 वर्षांत शीट नाही याचं कारण रोप नव्हे, रिवाज असू शकतो. फक्त कपाट बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

यावर एक जुनी, साधी युक्ती आहे. शेजाऱ्यांना विचारा. त्याच पुळणीवरून, त्याच काळात, किनाऱ्यावरच्या दुसऱ्या वनस्पतींच्या शीट किंवा नोंदी आल्या आहेत का? आल्या असतील, तर जाणकार माणूस तिथे गेला होता, त्याने खाली बघितलं होतं, आणि मर्टेन्शिया त्याला दिसली नाही. असं वर्षानुवर्षं होत असेल तर नसण्याला वजन येतं. शेजाऱ्यांचीही नोंद नसेल तर तिथे कुणी फिरकलंच नाही, एवढंच सिद्ध होतं. पोलीस काय वेगळं करतात? घराला कुलूप दिसलं की शेजारच्याला विचारतात, शेवटचं कधी पाहिलंत?

रोप आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे

मर्टेन्शियाच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो तो तिच्या स्वभावामुळे. ती वडाच्या झाडासारखी एका जागी बसणारी नाही. तिचं घरच मुळात भाड्याचं, आणि मालक समुद्र. एका हिवाळ्यातलं वादळ अख्खी पुळण खरवडून नेतं. सोबत रोपंही जातात. पण तिच्या बीला पोकळ, हवा धरणारं आवरण असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. लाटेने नेलेलं बी दुसऱ्या पुळणीवर, शेवाळाच्या ढिगात, खतासकट जाऊन पडतं. आपल्याकडे मर्यादवेल हेच करते. तिचं बी समुद्रावर तरंगत जातं, म्हणून तर ती जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पसरली. एक उष्ण पाण्याची, दुसरी थंड पाण्याची, उद्योग एकच.

हा प्रवास फक्त तर्क नाही. 1963 च्या नोव्हेंबरमध्ये आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रतळाशी ज्वालामुखी फुटला आणि सुर्टसे नावाचं नवंकोरं बेट वर आलं. उद्रेक 1967 च्या जूनपर्यंत चालला. बेटावर मातीचा कणही नव्हता, फक्त राख आणि लाव्हा. शास्त्रज्ञांनी पहिल्या दिवसापासून तिथे नोंदी ठेवल्या, कारण रिकामी जमीन कशी भरते हे पाहायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार? 1965 मध्ये पहिलं फुलझाड दिसलं, समुद्री मोहरीच्या जातीचं. 1966 मध्ये किनारी गवत आलं. आणि 1967 मध्ये, ज्वालामुखी थंड होतो न होतो तोच, मर्टेन्शिया हजर. मुख्य भूमी 30 किलोमीटरहून दूर.

आता हे डोक्यात ठेवून पोकळ ठिपक्याकडे पुन्हा बघा. एका पुळणीवरून मर्टेन्शिया गायब होणं हे तिच्यासाठी रोजचं आहे. एक ठिकाण गेलं आणि जवळचं दुसरं मिळालं, तर काहीच बिघडलं नाही. म्हणून एकेका ठिपक्यावर रडण्यात अर्थ नाही. बघायचं ते हे, की गेलेल्या ठिकाणांच्या बदल्यात नवी मिळतायत का? उत्तरेकडे, जिथे पुळणी जवळजवळ आहेत आणि बिया पुरवणारी रोपं भरपूर, तिथे हा व्यवहार चालू राहतो. दक्षिणेकडे खातं एकतर्फी झालं. जाणं होतं, येणं होत नाही.

येणं का थांबलं, याची कारणं एकाहून जास्त आहेत. बांधकामासाठी पुळणीवरचे गोटे आणि रेती उचलली गेली. सुट्टीला येणाऱ्यांची पावलं आणि गाड्या वाढल्या. काही ठिकाणी मेंढ्या किनाऱ्यावर उतरून ती चवदार पानं फस्त करतात, आणि त्यात मेंढ्यांचा दोष काय? याशिवाय एक आतलं कारण आहे. मर्टेन्शियाच्या बीला रुजण्याआधी ओलसर थंडीत बराच काळ काढावा लागतो. आपल्याकडे कांद्याच्या गोटाला फुलोरा यायला थंडी लागते, त्यातलाच प्रकार, फक्त इथे बीलाच ती हवी असते. हिवाळा पुरेसा थंड नसेल तर बी किनाऱ्यावर पोचतं, गोट्यांत बसतं, आणि झोपलेलंच राहतं. हवामान तापत असताना उत्तरेकडच्या वनस्पतीचं दक्षिण टोक आधी कमकुवत व्हावं, हे या स्वभावाशी जुळतं. मात्र जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. ज्या पुळणीवरून गोटेच उचलून नेले, तिथे हवामानाला आरोपी करण्याआधी डंपरचा नंबर बघायला हवा. शीट एवढंच सांगते की रोप इथे या तारखेला होतं. कारण तिच्यावर लिहिलेलं नसतं, ते जागेवर जाऊन शोधावं लागतं.

शीटमधून दुसऱ्याही गोष्टी निघतात, ज्या लावणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ इयान वुडवर्ड यांनी 1987 मध्ये इंग्लंडमधल्या झाडांची दोनशे वर्षांतली हर्बेरियमची पानं तपासली, तेव्हा पानांवरच्या श्वासछिद्रांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तशी पानांना कमी छिद्रं पुरू लागली. पान गोळा करणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने फक्त तारीख नीट लिहिली होती. सुकलेल्या पानातून डीएनएही काढता येतो. त्यासाठी पानाचा तुकडा कापावा लागतो, म्हणून संग्रहपाल परवानगी देताना हात आखडता घेतात. तेही योग्यच, कारण 1830 ची फांदी दुसरी मिळणार नाही.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर आज जुन्या शीटवरचा पत्ता घेऊन कुणी मर्टेन्शिया शोधायला जातो, तेव्हा सापडली तर सहसा फोटो काढतो, जीपीएसचा आकडा टिपतो, रोपं मोजतो, क्वचित परवानगी असेल तर एक छोटी फांदी घेतो. सापडली नाही, तर वहीत पुळणीचं नाव लिहितो, किती वेळ फिरलो ते लिहितो, सोबतच्या वनस्पतींची यादी करतो, आणि मर्टेन्शियापुढे शून्य मांडतो. खाली तारीख. त्या शून्याला चिकटवायला कागद नाही, पण पुढच्या शतकातल्या माणसाला पोकळ ठिपक्याचा अर्थ लावताना तेच आधी लागणार आहे.